रायफलीची हमी आणि कारखान्याचे स्वामित्वांतर

रायफल अथवा अन्य अग्न्यस्त्र विकताना निर्माता ग्राहकास जी हमी लिहून देतो, ती निर्मात्याचा कारखाना दुसऱ्याच्या स्वामित्वात गेल्यानंतर कोणावर बंधनकारक राहते, तिची पूर्तता कोणाकडे मागावयाची आणि ती नाकारली गेल्यास दाद कोठे लावावयाची, ह्या प्रश्नांचा विचार प्रस्तुत नोंदीत नागपूरच्या परवानाधारकाची स्थिती विशेषेकरून डोळ्यांपुढे ठेवून केला आहे. शिवणयंत्र किंवा पाण्याचा पंप बिघडला आणि तो करणारी कंपनी तोवर नाहीशी झालेली असली, तरी बाजारातला एखादा हुन्नरी कारागीर वेळ निभावून नेतो. रायफलीची दुरुस्ती मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ अन्वये परवानाधारक कारागिरानेच करावयाची असल्यामुळे आणि अस्सल सुटे भाग बहुधा मूळ कारखान्याखेरीज अन्यत्र मिळत नसल्यामुळे, येथे हमीचा कागद हरवणे अथवा निरुपयोगी ठरणे ही गोष्ट किरकोळ राहत नाही.

हमी हा करार आहे आणि तो कायद्याच्या दृष्टीने एका विशिष्ट व्यक्तीने अथवा संस्थेने केलेला असतो. नळीवर कोरलेले नाव, ते कितीही जुने व नामांकित असले, तरी कशालाही बांधलेले नसते. म्हणून कारखाना हस्तांतरित झाला म्हणजे नेमके काय हस्तांतरित झाले, हे आधी पाहावे लागते. कंपनीचे केवळ भागधारक बदलले असतील, तर कंपनी तीच राहते आणि तिची देणी व वचनेही तशीच राहतात. यंत्रे, इमारती, आराखडे आणि नाममुद्रा एवढाच ऐवज विकला गेला असेल, तर खरेदीदाराने खरेदीखतात जेवढी देणी पत्करली असतील तेवढीच त्याच्या माथी येतात. कंपनी दिवाळखोरीत निघाली असेल, तर स्थिती याहून कठीण होते. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली मंजूर झालेल्या योजनेत ज्या मागण्यांचा समावेश नाही त्या मागण्या संपुष्टात येतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये घनश्याम मिश्रा प्रकरणात दिला आहे. दुरुस्तीसाठी रायफल देऊन बसलेल्या ग्राहकास आपण त्या कंपनीचे धनको आहोत याची कल्पनाही नसते, आणि दावा दाखल करण्याची मुदत त्याच्या अज्ञानातच निघून जाते.

ह्या सर्व प्रकारांचा एकत्र नमुना अमेरिकेतील रेमिंग्टन कंपनीच्या इतिहासात सापडतो. १८१६ मध्ये स्थापन झालेली ही शस्त्रनिर्माती संस्था २०१८ मध्ये व पुन्हा जुलै २०२० मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली, आणि दुसऱ्या खेपेस तिचे तुकडे करून ते निरनिराळ्या खरेदीदारांस विकण्यात आले. काडतुसांचा व्यवसाय आणि रेमिंग्टन ही नाममुद्रा व्हिस्टा आउटडोअर ह्या कंपनीने घेतली; रायफली व बंदुका करणारा इलियन येथील कारखाना राउंडहिल नामक गटाकडे गेला; आणि २००७ पासून रेमिंग्टनच्या पोटात असलेली मार्लिन ही जुनी पेढी रुगर कंपनीने विकत घेतली. म्हणजे ज्याच्या हाती नाव होते त्याच्याकडे बंदुकीचा कारखाना नव्हता, आणि ज्याच्याकडे कारखाना होता तो ते नाव परवानगीने वापरीत होता. आधीच्या मालकाच्या अमदानीत तयार झालेल्या मालाची हमी नव्या मालकांनी पत्करली नाही. रुगरने तर आपल्या कारखान्यात तयार झालेल्या मार्लिन बंदुकांच्या क्रमांकापूर्वी ‘आर. एम.’ ही अक्षरे घालून सीमारेषाच आखून दिली: ती अक्षरे असलेली बंदूक दुरुस्त होईल, नसलेली होणार नाही. ह्यात ग्राहकाची फसवणूक झाली असे म्हणता येत नाही, कारण विक्रीचे सर्व दस्तऐवज न्यायालयाच्या दप्तरात उघड होते. परंतु बंदूक घेणारा माणूस दिवाळखोरीच्या न्यायालयाचे दप्तर चाळीत बसत नाही, हेही तितकेच खरे.

भारतात खाजगी वापराच्या रायफलींचा प्रमुख निर्माता दीर्घकाळ स्वतः सरकारच होता. बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात तयार होणारी ०.३१५ इंच बोअरची बोल्ट-ॲक्शन रायफल ही देशातील परवानाधारकांची सर्वपरिचित रायफल होय. लष्करी ०.३०३ बोअर सामान्य प्रजेस निषिद्ध असल्यामुळे इंग्रजी अमलात हा वेगळा बोअर रूढ झाला आणि स्वातंत्र्यानंतरही तोच चालू राहिला. १९८० नंतरच्या दशकात परदेशी बंदुकांच्या आयातीवर निर्बंध आल्यावर तर ईशापूर व कानपूर येथील सरकारी माल हाच बहुसंख्य ग्राहकांचा आधार ठरला. हे कारखाने कोलकात्याच्या आयुध निर्माणी मंडळाच्या ताब्यात होते आणि मंडळ हे संरक्षण मंत्रालयाचे अंग असल्यामुळे हमी देणारा अखेर भारत सरकार हाच पक्ष होता. दिवाणी दावा लावावयाचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागे. मार्ग संथ होता, पण प्रतिवादी कोण, याविषयी कोणास संदेह नसे.

१६ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने हे मंडळ मोडण्याचा निर्णय घेतला. १ ऑक्टोबर २०२१ पासून ४१ कारखान्यांचे व्यवस्थापन, नियंत्रण, परिचालन व देखभाल सात सरकारी कंपन्यांकडे सोपविण्यात आली, आणि त्याच महिन्याच्या १५ तारखेस, विजयादशमीच्या मुहूर्तावर, त्या राष्ट्राला समर्पित झाल्या. खंडेनवमीला शस्त्रे पुजण्याचा प्रघात ज्या समाजात आहे तेथे ह्या मुहूर्ताचे औचित्य वेगळे सांगावयास नको. सुमारे ७० हजार कर्मचारी प्रतिनियुक्तीवर नव्या कंपन्यांकडे वर्ग झाले; कारखाने, फाटके, बहुतेक ठिकाणी टेबलांवरची माणसेही तीच राहिली. सातही कंपन्यांचे भाग सरकारच्याच हाती असल्याने हे स्वामित्वांतर अमेरिकेतल्यासारखे नव्हे. तरीही कंपनी ही कायद्याने सरकारहून पृथक् व्यक्ती असते, आणि एका घरच्या वाटण्या झाल्यावर जे होते तेच येथे झाले: भांडी तीच राहिली, चुली वेगळ्या झाल्या.

ही वाटणी कशी झाली, हे नागपूरहून पाहिले असता विशेष स्पष्ट दिसते. ईशापूरचा रायफल कारखाना आणि कानपूरचे शस्त्रकारखाने ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया ह्या कंपनीकडे गेले व तिचे मुख्यालय कानपूरला आले. काडतुसे करणारे खडकी व वरणगाव येथील कारखाने, तसेच भंडारा व भद्रावती येथील कारखाने, म्युनिशन्स इंडिया ह्या कंपनीत समाविष्ट होऊन तिचे मुख्यालय पुण्यास ठरले. आणि नागपूरच्या वाट्यास यंत्र इंडिया ह्या कंपनीचे मुख्यालय आले. अंबाझरी व अंबरनाथ येथील आयुध निर्माण्या, ईशापूरचाच धातू व पोलाद कारखाना इत्यादी आठ कारखाने तिच्याकडे आहेत. यामुळे झाले असे, की नागपूरच्या परवानाधारकाच्या गावातच एका आयुध कंपनीचे मुख्यालय आहे, परंतु त्याच्या रायफलीची हमी पुरविण्याचे काम त्या कंपनीचे नाही. अंबाझरीच्या फाटकावर हमीपत्र घेऊन जाणाऱ्यास कानपूरचा रस्ता दाखविणे, एवढेच तेथील पहारेकऱ्यास करता येईल.

वाटणीचा खरा उपद्रव दोष कोणाचा हे ठरविताना जाणवतो. समजा, नव्या रायफलीतून गोळी झाडल्यावर रिकामी पुंगळी नळीच्या कोठीत अडकून बसली, बोल्टचा दांडा तळहाताच्या ठोक्याखेरीज मागे येईना, आणि बाहेर काढलेल्या पुंगळीच्या बुडाशी पितळ फुगून एक बारीक चीर गेलेली आढळली. ह्याचे कारण कोठी प्रमाणाहून सैल कातली गेली हे असू शकते. पुंगळीचे पितळच सदोष होते हेही असू शकते. क्वचित नळीच्या पोलादापर्यंतही शंका जाऊ शकते. मंडळाच्या काळात ही तिन्ही कारणे एकाच मालकाच्या उंबऱ्याआत होती आणि ग्राहकास त्यांच्यात निवड करण्याचे प्रयोजन नव्हते. आता रायफल कानपूरच्या कंपनीची, ‘के. एफ.’ ही खडकीची खूण बुडावर वागविणारे काडतूस पुण्याच्या कंपनीचे, आणि धातूचा प्रश्न निघालाच तर बोट नागपूरच्या कंपनीकडे, अशी स्थिती असल्यामुळे प्रत्येकीस दुसरीकडे अंगुलिनिर्देश करण्यास वाव राहतो. अशा वेळी पुंगळी टाकून न देता काडतुसांच्या खोक्यासह जपून ठेवणे हे वकील देण्याहून अधिक उपयोगाचे असते, आणि तक्रारीत रायफलीच्या व काडतुसाच्या अशा दोन्ही कंपन्यांस पक्षकार करणे इष्ट असते.

यापुढची अडचण परवान्याची. रायफल टपालाने पाठविता येत नाही. स्वतः न्यावी तर ज्याच्या परवान्याची क्षेत्रमर्यादा महाराष्ट्रापुरती आहे त्याला कानपूरपर्यंत ती वेगळ्या परवानगीवाचून नेता येत नाही. म्हणून व्यवहारात ती विक्रेत्याच्या हवाली करावी लागते, आणि त्याने आपल्या नोंदवहीत ती घेऊन पावती दिली नाही, तर परवान्यावर नोंदलेले शस्त्र धारकापाशी का नाही, याचा खुलासा करण्याचा प्रसंग येतो. कारखान्याने दोष मान्य करून रायफल बदलून देण्याचे औदार्य दाखविले तरी प्रश्न मिटत नाही, कारण नव्या रायफलीचा क्रमांक वेगळा असतो. परवान्यावर जुना क्रमांक रद्द करून नवा चढविण्यासाठी शहरात पोलीस आयुक्तांच्या व ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कचेरीत अर्ज द्यावा लागतो, आणि क्रमांकाशी कोणतीही खाडाखोड करणे हा शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे निषिद्ध प्रकार असल्यामुळे जुना क्रमांक नव्या भागावर कोरून वेळ भागविता येत नाही. निवडणुकीच्या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम झाला, तर ते महिनेही हमीच्या मुदतीतूनच वजा होतात. हमीपत्रात त्याविरुद्ध काही लिहिलेले असल्यास गोष्ट निराळी.

दादीचे स्थान म्हणजे ग्राहक आयोग. २० जुलै २०२० पासून अंमलात आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने तक्रारदारास स्वतःच्या निवासस्थानाच्या जिल्ह्यात तक्रार लावण्याची मुभा दिली असल्याने नागपूरच्या ग्राहकास कानपूर वा पुणे गाठावे लागत नाही, आणि अपिलासाठी राज्य आयोगाचे फिरते खंडपीठ नागपुरातच बसते. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर शुल्कही पडत नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. येथे एक भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. अधिनियमातील उत्पादन-दायित्वाचे प्रकरण पुष्कळांस आकर्षक वाटते, कारण त्यात व्यक्त हमीशी न जुळणाऱ्या मालाबद्दल निर्मात्यास निष्काळजीपणा सिद्ध न होताही जबाबदार धरले आहे. परंतु ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द वस्तूचे झालेले नुकसान वगळलेले आहे. बोल्ट मागे उडून डोळ्यास इजा झाली तर ते प्रकरण लागू पडेल; बोल्ट नुसता मोडला तर नाही. नुसत्या मोडतोडीसाठी सदोष मालाची साधी तक्रारच करावी लागते आणि तीत दुरुस्ती, बदली किंवा किमतीचा परतावा मागता येतो. दोष परीक्षणावाचून ठरण्यासारखा नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवितो. उत्पादन-दायित्वाच्या दाव्यात विक्रेता सामान्यतः सुटतो. मात्र त्याने निर्मात्याहून स्वतंत्र अशी हमी दिली असेल, किंवा निर्माता कोण हे कळत नसेल अथवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर तोही अडकतो.

१ ऑक्टोबर २०२१ पूर्वी खरेदी केलेल्या रायफलींबाबत दक्ष ग्राहकास आणखी एक साधन उपलब्ध आहे. नव्या सातही कंपन्या सरकारी असल्यामुळे माहितीच्या अधिकाराखाली येतात. तेव्हा जुन्या मंडळाने दिलेल्या हमीचे दायित्व कोणत्या कंपनीकडे वर्ग झाले आणि कोणत्या आदेशान्वये, असा नेमका प्रश्न लेखी विचारून त्याचे उत्तर तक्रारीस जोडता येते. खाजगी कंपनीच्या ग्राहकास ही सोय नाही, आणि शस्त्रनिर्मितीचे क्षेत्र खाजगी उद्योगास उत्तरोत्तर खुले होत असता हा फरक विसरण्यासारखा नाही.

वापरलेल्या रायफलीच्या खरेदीदाराची स्थिती सर्वांत दुर्बळ असते. हमी पुष्कळदा प्रथम ग्राहकापुरतीच दिलेली असते. शिवाय परवानाधारकाने आपले शस्त्र दुसऱ्या परवानाधारकास विकावयाचे, तर शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे अधिकाऱ्यास लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते, आणि तेवढ्या अवधीत उरलीसुरली मुदतही पुष्कळदा संपून जाते. अशा खरेदीदाराने मूळ विक्रीपावती, हमीपत्र व पूर्वीच्या दुरुस्तीच्या नोंदी यांची मागणी सौदा ठरण्याआधीच करावी, कारण सौदा झाल्यावर त्या शोधून देण्याची विकणाऱ्यास निकड राहत नाही.