जोर नको, ठोका हवा! गंजलेल्या बोल्टाची आपली गोष्ट

मंडळी, 1 जूनला मासेमारी बंद झाली की मिरकरवाड्याचा आवाज बदलतो. इंजिनांची भकभक थांबते आणि घणाचे ठोके सुरू होतात. बंदीचे 61 दिवस म्हणजे इंजिनं खोलायचे दिवस.

परवा डिझेल परताव्याच्या बातमीसाठी तिथे गेलो होतो. एका बोटीवर इंजिनाच्या पायाचा बोल्ट अडून बसलेला. दोन पोरं पान्यात लांबलचक पाईप घालून अक्षरशः लोंबकळत होती. तेवढ्यात म्हातारे मिस्त्री आले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. ते ओरडले, "अरे, लोंबकळता काय? सोडा तो पाईप! बोल्ट तुटला तर दोन दिवस जातील ड्रिल मारण्यात."

त्यांनी पिशवीतून आखूड, जाड दांड्याचा पाना काढला. दांड्याचं टोक घण मारण्यासाठी मुद्दाम चपटं केलेलं. बोल्टावर आदल्या रात्रीच डिझेल सोडलेलं होतं. पहिले दोन ठोके त्यांनी उलटे, म्हणजे आवळायच्या दिशेने मारले. मग सोडायच्या दिशेने तीन. तांबडी भुकटी गळली आणि चौथ्या ठोक्याला बोल्ट फिरला.

असं का होतं, ते नीट समजून घेतलं. लोखंडाचा गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. त्यामुळे आट्यांमधली बारीक फट भरून जाते आणि नट-बोल्ट एकजीव झाल्यासारखे होतात. पाईप लावून सावकाश जोर वाढवत नेला, की गंज सुटण्याआधी बोल्टच पिळवटतो आणि मानेत तुटतो. ठोका मात्र क्षणभराचा, पण जबरदस्त. तेवढ्या हादऱ्यात गंजाची पकड फुटते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि खारा वारा असलेल्या आपल्या रत्नागिरीत हे ज्ञान म्हणजे रोजीरोटी आहे.

आता थोडा इतिहास.

बोल्टाला ठरलेलं माप असतं, हीच गोष्ट तशी अलीकडची. पूर्वी प्रत्येक कारखाना आपापले आटे पाडायचा. एकाचा नट दुसऱ्याला बसेल याची खात्री नसे. 1841 मध्ये इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचं एक प्रमाण सुचवलं आणि इंग्रजांच्या यंत्रांबरोबर इंचाची मापं आपल्याकडे आली. 1853 ला बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली तीही इंचाचीच. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी निघाली. ती बेडफर्ड गाडी, म्हणजे पुन्हा इंचच. मग 1954 ला टाटांनी जर्मनीच्या डेमलर-बेंझबरोबर ट्रक बांधायला घेतले आणि मिलिमीटर आले. 1956 ला मेट्रिक मापांचा कायदा झाला. कायदा झाला तरी जुन्या गाड्या धावतच राहिल्या, त्यामुळे मिस्त्रीच्या पेटीत दोन संसार आले, इंचाचे पाने वेगळे आणि मिलिमीटरचे वेगळे.

पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर, तिथे 19 चा पाना भागून जातो. पण अर्धा इंच म्हणजे 12.7. त्या डोक्यावर 13 चा पाना बसतो खरा, पण सैल! जोर लावला की सटकतो, बोल्टाचे कोपरे गोल होतात आणि हाताची सालटी निघतात. जुन्या मिस्त्र्यांच्या बोटांवरचे वण बघा, त्यातले काही या दोन मापांच्या भांडणाचे आहेत.

आपल्या भागाची खरी शाळा म्हणजे कोकण रेल्वे. 1990 ला कॉर्पोरेशन स्थापन झालं आणि 1998 ला मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. मी तेव्हा शाळकरी. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, पानवल नदीवरचा 64 मीटर उंच पूल. बोगद्यांसाठी स्वीडनहून ड्रिलिंगची यंत्रं आणली होती. त्यांच्याबरोबर डंपर आले, पोकलेन आले, आणि गावातली पोरं हेल्पर म्हणून लागली. माझ्या ओळखीचे तिघे त्या चिखलात मोठे बोल्ट खोलायला शिकले. आज त्यांची स्वतःची गॅरेजं आहेत.

हवेवर चालणारी 'गन' अमेरिकेत 1930 च्या दशकात आली. तीही आतून ठोकेच मारते, फक्त भराभर. पण जेटीवर, चिरेखाणीत, घाटात कॉम्प्रेसर कुठून आणणार? तिथे हाताचं हत्यारच लागतं. एक चाचांचा घणाचा पाना. दुसरा हातोडीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. त्याच्या डोक्यावर मारलं की आतल्या तिरक्या खाचेमुळे तो ठोका फिरकीत बदलतो. लहान-मध्यम बोल्टांना तो उत्तम. आणि तिसरा स्प्रिंगचा. दांडा ओढला की स्प्रिंग ताणते, एका टप्प्याला सुटते आणि आतला हातोडा आपटतो. ट्रकवाल्यांकडचा गिअरचा पाना वेगळा. तो ठोका मारत नाही, हाताचा जोर वाढवतो.

आता जे सांगायचंय ते.

बारा-तेरा वर्षांपूर्वी महामार्गावरच्या एका गॅरेजमधल्या पोराचा डोळा गेला होता. गोटी फुटून तुकडा उडाला. मी सिंगल कॉलम बातमी दिली, 'गॅरेजमध्ये अपघात, तरुण जखमी'. गोटी का फुटली, हे मी विचारलंच नाही. ते परवा चाचांनी सांगितलं. चकचकीत गोटी कडक असते, पण ठिसूळ. ती हाताने फिरवायची. ठोके खायला काळी, जाड भिंतीची गोटी येते. चाचांनी दोन्ही माझ्या हातात दिल्या. "पत्रकार, हे बघा. काळी मार खाते, चमकणारी मार देते."

मी गप्प झालो. चार ओळींच्या बातमीत ही एक ओळ असती, तर कदाचित पुढच्या एखाद्याचा डोळा वाचला असता.

म्हणून ही पोस्ट. गॅरेजवाले मित्रहो, पोरांना चष्मा आणि काळी गोटी घेऊन द्या. तो खर्च डोळ्यापेक्षा मोठा नाही. चाकाचे नट गनने बेफाम आवळू नका, शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने करा. नाहीतर रात्री भोस्ते घाटात पंक्चर झालं तर ड्रायव्हरने ते हाताने कसे सोडायचे? आणि आयटीआयमधल्या गुरुजींनो, चाचांसारख्या माणसाला एक दिवस वर्गात बोलवा. त्यांच्याकडे सर्टिफिकेट नाही, पण दोन्ही डोळे आणि दहाही बोटं शाबूत आहेत.

बोटी 1 ऑगस्टला निघतील. तोवर मिरकरवाड्यात ठोके ऐकू येतील. घरात कुणाच्या आजोबांचे इंचाचे पाने असतील, तर फोटो टाका. भंगारात घालू नका.