विद्येला दिलेली दक्षिणा

बदलापूर गावाच्या नावाविषयी जुनी माणसे एक कथा सांगतात. कोकण आणि गुजरातकडून देशावर जाणारे स्वार येथे उल्हास नदीच्या काठी मुक्काम करीत, थकलेले घोडे सोडून ताजे घोडे घेत आणि पुढची वाट धरीत. घोडे बदलण्याचे ठिकाण म्हणून ते बदलापूर. ही लोककथा आहे आणि तिचा पुरावा आम्ही मागत नाही. तिच्यातील एक गोष्ट मात्र आम्हाला महत्त्वाची वाटते. लांब पल्ल्याच्या स्वाराला एकच घोडा पुरत नाही. वाटेत कोणीतरी ताजा घोडा बांधून ठेवावा लागतो आणि त्याच्या चंदीचा खर्चही कोणीतरी सोसावा लागतो.

या कथेची आठवण होण्यास एक निमित्त घडले. आमच्या धर्मग्रामातील एक विद्यार्थिनी मराठी विषय घेऊन एम. ए. झाली. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणावर संशोधन करण्याची तिची इच्छा आहे. शिफारसपत्र मागण्यासाठी ती वडिलांसह आली होती. पत्र लिहून झाल्यावर वडिलांनी सरळ विचारले, "फादर, नर्सिंगला कर्ज मिळतं, इंजिनिअरिंगला मिळतं. पुराण वाचायला पैसे कोण देतो?" त्यावेळी आम्ही त्यांना काहीतरी उत्तर दिले, पण त्याने आमचेच समाधान झाले नाही. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे थोडे सविस्तर उत्तर समजावे.

महाराष्ट्रात विद्वानाला द्रव्यसाहाय्य देण्याची प्रथा जुनी आहे. सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या घराण्यातर्फे तळेगाव येथे श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा दिली जात असे. १७३१ साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले. त्यानंतर पहिल्या बाजीरावाच्या काळात हा दक्षिणेचा सोहळा पुण्यास आला. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात दूरदूरचे ब्राह्मण जमू लागले. वेदशास्त्राचे ज्ञान पारखून विद्वानाला दक्षिणा द्यावी, असा मूळ हेतू होता. कालांतराने गर्दी वाढली, पारख कमी झाली, आणि विद्येसाठी राखलेला पैसा मोठ्या प्रमाणावर केवळ जन्माच्या आधारे वाटला जाऊ लागला. ज्यांच्या कष्टातून सरकारी खजिना भरत असे त्या कुणब्या-कारागिरांना या दक्षिणेत वाटा नव्हता, हेही येथेच नमूद केले पाहिजे.

१८१८ साली पेशवाई संपली. एल्फिन्स्टनने ही प्रथा एकदम बंद केली नाही. ती बंद केल्यास पुण्याचा विद्वान वर्ग दुखावेल, हे त्याने ओळखले होते. त्याने दक्षिणेचा ओघ हळूहळू शिक्षणाकडे वळविला. १८२१ साली विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली गेली आणि तिचा खर्च या निधीतून होऊ लागला. याच पाठशाळेतून पुढे पूना कॉलेज आणि १८६४ साली डेक्कन कॉलेज आकाराला आले.

खरा वाद झाला तो १८४९ साली. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला, की दक्षिणेतील काही रक्कम मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावी. पुण्यातील सनातनी मंडळी खवळली. तरुण ज्योतिराव फुले सुधारकांच्या बाजूने उभे राहिले. शेवटी १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली आणि मराठी ग्रंथकारांना बक्षिसे मिळू लागली. संस्कृत पठणासाठी असलेला पैसा लोकभाषेतील लेखनाकडे वळला. मराठी गद्याच्या वाढीत या घटनेचा वाटा मोठा आहे.

तथापि इतिहास एवढ्यावर गोड होत नाही. ज्या फुल्यांनी १८४९ साली या सुधारणेची बाजू घेतली, त्यांनीच १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून याच समितीकडे पाठविले. समितीने ते स्वीकारले नाही. शूद्रातिशूद्रांच्या अज्ञानाचा फायदा घेणाऱ्या भटशाहीवर त्या नाटकात कोरडे ओढलेले होते. मराठीच्या आद्य नाटकांपैकी एक असलेली ही कृती त्यामुळे शंभराहून अधिक वर्षे छापील रूपात समाजापुढे आली नाही. पैसा देणारा हात उदार असला, तरी निवड करणारा डोळा आंधळा असेल तर काय घडते, याचे हे उदाहरण आम्ही विसरू नये.

पुढे दक्षिणेच्या याच निधीतून महाविद्यालयांत दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. शिकत असलेल्या हुशार तरुणाने धाकट्या विद्यार्थ्यांना शिकवावे, स्वतःचा अभ्यास चालू ठेवावा, आणि त्याबद्दल त्यास दरमहा वेतन मिळावे, अशी ही योजना होती. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे जे पहिले पदवीधर झाले त्यांत हे दोघे होते. महाराष्ट्राचा इतिहास व संस्कृत विद्येचे आधुनिक संशोधन ज्यांच्यापासून सुरू झाले असे आपण मानतो, त्यांच्या उमेदीच्या वर्षांना श्रावणातल्या जुन्या दक्षिणेचा आधार होता.

सरकारबरोबर खासगी दातेही पुढे आले. नाना शंकरशेट यांच्या स्मरणार्थ १८६६ साली संस्कृतसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. ती मिळावी म्हणून शालेय विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या संस्कृतचे जादा धडे गिरवीत आले आहेत. १९१७ साली पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले, आणि १९१९ साली तेथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यासाठी एक लाख रुपये देण्याचे वचन दिले. देशभरातील हस्तलिखिते जमविणे, ओळीशी ओळ ताडून पाहणे, पाठभेद नोंदविणे असे ते काम होते. ते १९६६ साली पुरे झाले. मध्ये ४७ वर्षे गेली. प्रमुख संपादक डॉ. वि. स. सुखटणकर १९४३ साली निवर्तले आणि दुसऱ्यांनी काम पुढे नेले. एका आयुष्यात न संपणारी कामे अशी असतात. त्यांना एक माणूस पुरत नाही आणि एक देणगीही पुरत नाही.

आता आमच्या घराकडे वळू. थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात उतरले. येथील लोकांची भाषा त्यांनी आत्मसात केली. मराठी पुराणांच्या वळणावर त्यांनी सुमारे ११ हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापले गेले. त्यांचे कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली प्रसिद्ध झाले. त्यांच्यामागून एत्येन द ला क्रुवा या फ्रेंच येशूसंघीयांनी संत पेत्रावर पुराण लिहिले. धर्मगुरूने लोकांच्या भाषेत पारंगत व्हावे, हा त्या पिढीचा आग्रह होता. हे सारे धर्मसंघाच्या आधारावर चालले होते. अभ्यासाला वेळ मिळत होता, छापखाना होता आणि अन्नवस्त्राची चिंता नव्हती.

हा आधार पुढे नाहीसा झाला. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांच्या आत कोकणी सोडून पोर्तुगीज भाषा बोलावी. हुकुमाने लोकांची जीभ बदलली नाही, परंतु लोकभाषेतील ख्रिस्ती ग्रंथरचनेचा कणा मोडला. ख्रिस्तपुराणाच्या त्या तीन आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज कोठे असल्याचे ज्ञात नाही. भाविकांनी हातांनी उतरविलेल्या प्रतींमुळे ते तरले. त्यांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे रोमन लिपीतील आवृत्ती काढली. देवनागरीतील एक हस्तलिखित मार्सडेन संग्रहातून लंडनला पोहोचले होते. ते डॉ. जस्टिन ॲबट यांनी विसाव्या शतकात ओळखून काढले. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली आणि १९९६ साली फादर कारिदाद द्रागो यांची आवृत्ती आली. या नावांत कॅथोलिक आहेत, प्रॉटेस्टंट आहेत आणि हिंदूही आहेत. आमचा वारसा आमच्याबरोबर इतरांनीही जपला, ही कृतज्ञतेची बाब आहे. त्याचबरोबर ती थोडी अंतर्मुख करणारीही आहे.

याच संदर्भात एका दूरच्या राष्ट्राची आठवण येते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटले तेव्हा आपल्या देशातील सुमारे २० हजार विद्यार्थी युक्रेनमध्ये होते. त्यांतील बहुतेक वैद्यकीय शिक्षण घेत होते आणि त्यांत महाराष्ट्रातील मुलेही होती. 'ऑपरेशन गंगा' सुरू होते ते दिवस अनेक घरांनी जागून काढले. आपल्या पालकांना त्या देशातील वैद्यकीय महाविद्यालयांचे शुल्क ठाऊक होते. त्या देशाची भाषा मात्र फारशी कोणाला ठाऊक नव्हती. युक्रेनियन भाषेवर रशियाच्या झार सरकारने १८६३ आणि पुन्हा १८७६ साली छपाईची बंधने घातली होती. तेथील ग्रीक कॅथोलिक ख्रिस्तसभा १५९६ च्या ब्रेस्ट येथील एकीपासून रोमशी संलग्न आहे, पण तिची उपासनाविधी पौर्वात्य आहे. आमच्या शेजारी राहणाऱ्या, कल्याणच्या सिरो-मलबार महाधर्मप्रांतातील कुटुंबांमुळे ही गोष्ट आमच्या वाचकांना समजणे सोपे आहे. १९४६ साली सोव्हिएत सत्तेने ही ख्रिस्तसभा बेकायदा ठरविली. तिचे प्रमुख जोसिफ स्लिपी यांना १९४५ सालीच अटक झाली होती. १८ वर्षांच्या बंदिवासानंतर, पोप जॉन तेविसावे यांच्या प्रयत्नांमुळे, ते १९६३ साली सुटून रोमला आले. त्याच वर्षी त्यांनी रोममध्ये युक्रेनियन कॅथोलिक विद्यापीठाची स्थापना केली. ज्याचे सर्वस्व हिरावले गेले त्या वृद्धाला प्रथम विद्यापीठ सुचले, यावर आपण विचार करावा.

त्याआधी १९५७ साली अमेरिकेतील युक्रेनियन विद्यार्थ्यांनी एक निधी सुरू केला होता. मायदेशात ज्या भाषेचा आणि इतिहासाचा अभ्यास मोकळेपणाने करता येत नाही, त्यासाठी परदेशातील एखाद्या मोठ्या विद्यापीठात कायमचे अध्यासन असावे, असा त्यांचा संकल्प होता. कोणी राजा पुढे आला नाही. हजारो निर्वासित कुटुंबांनी आपल्या कमाईतून थोडेथोडे दिले. त्यातून हार्वर्ड विद्यापीठात इतिहास, साहित्य आणि भाषाशास्त्र यांची तीन अध्यासने उभी राहिली आणि १९७३ साली युक्रेनियन संशोधन संस्था स्थापन झाली. १९७६ साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात तशीच संस्था निघाली. तेथे आईवडिलांच्या किंवा दिवंगत आप्तांच्या नावे कुटुंबांनी ठेवी ठेवल्या आहेत. मुद्दलाला हात न लावता उत्पन्नातून पदव्युत्तर आणि डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांना साहाय्य दिले जाते. हे साहाय्य केवळ युक्रेनियन वंशाच्या मुलांपुरते नाही. विषय युक्रेनचा असावा, एवढे पुरते. देश १९९१ साली स्वतंत्र झाला तेव्हा ही अभ्यासपरंपरा बाहेर जिवंत होती. ल्विव शहरातील धर्मविद्यापीठाची परंपरा १९९४ साली पुन्हा सुरू झाली आणि २००२ साली तेथे युक्रेनियन कॅथोलिक विद्यापीठ उभे राहिले.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर देऊ. पुराण वाचायला पैसे मिळतात, पण वाट अरुंद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेट परीक्षेत मराठी हा विषय आहे आणि गुणवत्तेत वर येणाऱ्यांना कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळते. या मुलीने प्रथम त्या परीक्षेची तयारी करावी. अल्पसंख्याक समाजांतील संशोधकांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती ख्रिस्ती विद्यार्थ्यांनाही मिळत असे. ती २०२२-२३ पासून नव्याने देणे बंद झाले, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. जुन्या माहितीवर विसंबून मुलांची वर्षे वाया जाऊ नयेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आहे. त्यातून अभ्यासकांसाठी नव्या संधी निघतील, अशी आशा बाळगण्यास जागा आहे. आणि मुंबईत आमच्याच परंपरेतील एक अभ्यासस्थान आहे. सेंट झेवियर्स कॉलेजात फादर हेन्री हेरास यांनी १९२६ साली स्थापन केलेल्या संशोधन संस्थेचे ग्रंथालय इतिहासाच्या अभ्यासकाने पाहिलेच पाहिजे.

परंतु सरकारी वाट रुंद होण्याची वाट पाहत बसणे पुरेसे नाही. सणाच्या मांडवासाठी आणि बँडबाजासाठी आम्ही वर्गणी काढतो. तिच्यातील दहावा हिस्सा बाजूला ठेवला, शेजारच्या काही धर्मग्रामांनीही तसेच केले, तर काही वर्षांत एका अभ्यासकाचा खर्च निघेल असे मुद्दल जमू शकते. असा निधी उभा राहिलाच, तर वर सांगितलेल्या इतिहासाने शिकविलेले तीन धडे त्याच्या नियमांत यावेत. मुद्दल मोडू नये. विद्यार्थ्याची निवड ओळखीपाळखीने न होता विषयाचे जाणकार करतील आणि जात, पंथ किंवा धर्म आड येणार नाही. आणि संशोधनातून आमच्याविषयी, धर्मगुरूंविषयीसुद्धा, काही कडू सत्य बाहेर आले, तर त्या कारणाने साहाय्य थांबू नये. 'तृतीय रत्न' एकदा नाकारले गेले, तेवढे पुरे.

सुवार्तेतील विधवेने मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकल्या. तिच्या नाण्यांनी कोणती भिंत उभी राहिली, हे तिने विचारले नाही. निर्वासित युक्रेनियन मजुरांनीही हार्वर्डचे वर्ग स्वतः पाहण्याची अट घातली नव्हती. आम्ही जो पैसा ठेवू त्याचे फळ कदाचित आमच्या नातवंडांच्या पिढीत दिसेल.

त्या मुलीचे शिफारसपत्र गेले आहे. उत्तर यायचे आहे. ती दररोज सकाळच्या लोकलने मुंबईला नोकरीला जाते आणि परतताना गाडीत उभ्याने ओव्या वाचते, असे तिची आई सांगते. चारशे वर्षांपूर्वी रायतूरहून निघालेला तो ग्रंथ आता बदलापुरात येऊन थांबला आहे. पुढच्या टप्प्यासाठी ताजा घोडा बांधून ठेवणे आता आपल्याकडे आहे.