चांगला मॅप कोणी ठरवायचा?

तुमच्यापैकी बरेच जण सायबर कॅफेत ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळलेले असणार. ‘डस्ट २’ म्हटलं की ते पिवळसर बोळ, ते मोठे दरवाजे डोळ्यांपुढे येतात ना? हा मॅप डेव्ह जॉन्स्टन या हौशी ब्रिटिश तरुणाने केला आणि २००१ मध्ये तो खेळात आला. मुळात खेळच हौशींचा. मिन्ह ले आणि जेस क्लिफ यांनी १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’मध्ये फेरफार करून तो उभा केला.

मग दर्जा तपासायचा कोणी? पहिला परीक्षक म्हणजे संगणक. एका नजरेत फार भिंती, फार कोपरे आले की चित्र अडखळायचं. म्हणून मॅप करणारे बोळाला वळण द्यायचे, मध्ये आडोसा घालायचे. फाइलही लहान हवी. मोडेमवर ती उतरेपर्यंत खेळाडू कंटाळून निघून जायचा.

दुसरा परीक्षक सर्व्हर चालवणारा. त्याच्याकडे मॅपची यादी असे. लोक पळायला लागले की त्या मॅपचं नाव यादीतून गेलंच! बॉम्बच्या जागेवर कोणता संघ आधी पोचतो, एकालाच मोक्याची जागा मिळते का, यावर रात्र-रात्र वाद झाले. निकष घडले ते त्या वादांतून.

आता गंमत बघा. जॉन्स्टनचाच पहिला ‘डस्ट’ बचाव करणाऱ्या संघाकडे झुकलेला होता, तरी तो वर्षानुवर्षं खेळला गेला. ‘आइसवर्ल्ड’ तर नुसती एक खोली, जमिनीवर बंदुका पडलेल्या! निकषांवर नापास, पण लोकांचा लाडका.

२०१३ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने ‘ऑपरेशन पेबॅक’साठी हौशींचे मॅप निवडले आणि पासाच्या विक्रीतला वाटा त्यांना दिला. २०१४ मध्ये ‘कॅश’ हा हौशींचा मॅप अधिकृत स्पर्धांच्या यादीत पोचला. कष्टाचं मोल मिळालं, हे चांगलंच झालं. पण यादीची किल्ली हळूहळू सर्व्हरवाल्याच्या हातून कंपनीच्या हाती गेली. सर्व्हरवाला चुकला तर लोक शेजारच्या सर्व्हरवर जायचे. यादीच एक असेल तर जायचं कुठे?

निकष हवेतच, माझा त्यांना विरोध नाही. पण नापास मॅपलाही कुठेतरी खेळून बघायची जागा हवी. इतिहास एवढंच सांगतो.