कंसात अडकलेली शेती

1937 च्या शरीअत कायद्याच्या दुसऱ्या कलमात एक कंस आहे. वारसा, निकाह, तलाक, मेहर, हिबा अशा बाबतींत मुसलमानांना रूढी नव्हे तर शरीअत लागू होईल, असं ते कलम सांगतं. पण मध्येच कंस टाकून म्हटलं आहे: शेतजमिनीचे प्रश्न वगळून. ज्या काळात बहुतेक घरांची मालमत्ता म्हणजे शेतीच होती, त्या काळात हा कंस केवढा मोठा होता ते लक्षात यावं. बापाच्या पेटीतल्या रुपयांत मुलीचा हिस्सा कायद्याने पक्का झाला, बापाच्या रानात मात्र नाही.

हा कायदा लागला तरी कशाला, असं कुणी विचारेल. कुरआनात सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से अपूर्णांकांसह दिलेले आहेत. मुलाला दोन तर मुलीला एक, मुलं असतील तर विधवेला एक अष्टमांश. तरीही मुलींना न्यायालयात हरावं लागत होतं. मुंबईतला 1847 चा खटला यात सगळ्यात प्रसिद्ध. खोजा घराण्यातल्या मुलींनी बापाच्या मालमत्तेत कुरआनप्रमाणे हिस्सा मागितला. न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांनी निकाल दिला की खोजा आणि कच्छी मेमन या जमाती मूळच्या हिंदू, धर्म बदलला तरी वारशाची जुनी चाल त्यांनी सोडलेली नाही, आणि त्या चालीत मुलीला वाटा नाही. जमातीतले पुरुष साक्षीला आले आणि आमच्यात असंच चालतं म्हणाले. ज्यांच्या हातात मालमत्ता, त्यांचीच साक्ष रूढीचा पुरावा ठरली. या निकालाचा मला कायम राग येतो तो यासाठी.

मुंबई इलाख्यातल्या खेड्यांत वेगळं दार बंद झालं. पाटीलकी, देशमुखी अशा वतनांसाठी 1874 चा वतन कायदा होता. त्यात 1886 मध्ये भर घालून ठरवलं गेलं की वतनी घराण्यातली स्त्री, शेवटच्या पुरुष वतनदाराची विधवा सोडून, वारशात सगळ्या पुरुषांच्या मागे राहील. तिच्यामार्फत हक्क सांगणाराही मागेच. या तरतुदीत धर्माचा उल्लेख नाही. म्हणजे वतनदार मुसलमान असला तरी वतनाच्या जमिनीपुरती त्याची मुलगी चुलतभावाच्याही मागे गेली. वतनं पुढे 1950 ते 1960 च्या दशकांत कायद्यांनी संपली. जमिनी बहुतेक त्याच घराण्यांकडे राहिल्या, आणि मुलीला जमीन नसते ही समजूतही तिथेच राहिली.

1937 च्या कायद्याचं विधेयक हाफिज मुहम्मद अब्दुल्लाह यांनी मध्यवर्ती विधिमंडळात मांडलं होतं. रूढीमुळे मुसलमान बाईची झालेली अवस्था लाजिरवाणी आहे, हे त्याच्या उद्देशपत्रिकेतच होतं. उलेमांचा पाठिंबा होता, मुस्लिम महिला संघटनांचाही होता. जमीनदारांना मात्र, विशेषतः पंजाबातल्या, रूढीच सोयीची होती. शिवाय 1935 च्या घटना कायद्याने शेतजमिनीचा वारसा प्रांतांकडे दिलेला होता, त्यामुळे मध्यवर्ती विधिमंडळाला त्यात हात घालता येत नव्हता. कंसाचं अधिकृत कारण हेच. ते कारण 1950 मध्ये संपलं. राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत वारसा हा विषय आला तो शेतजमिनीचा अपवाद गाळून. कंस तेव्हाच काढता आला असता. मद्रास प्रांताने तर 1949 मध्येच दुरुस्ती करून तो काढला होता, केरळने 1963 मध्ये काढला. दिल्लीने आजवर काढलेला नाही. हिंदू वारसा कायद्यातली शेतजमिनीची अशीच पळवाट संसदेने 2005 मध्ये बुजवली, पण शरीअत कायद्यातला कंस तसाच. शरीअत वाचवा म्हणून मोर्चे काढणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनी या कंसासाठी कधी रस्ता अडवल्याचं मला आठवत नाही.

उत्तर प्रदेशात या कंसाचे परिणाम उघड दिसले. तिथल्या 1950 च्या जमीनदारी निर्मूलन कायद्याने वारसांचा स्वतःचा क्रम लावला, मुलींना मुलांच्या मागे टाकलं, आणि मुसलमानांनाही तोच क्रम लागू झाला.

महाराष्ट्रात तसं नाही, आणि म्हणूनच आपल्याला सबब कमी आहे. आपल्या जमीन महसूल कायद्यात वारसांचा असा वेगळा क्रम नाही. जुन्या मुंबई इलाख्यात 1827 च्या रेग्युलेशनपासून चाल अशी की रूढी आहे म्हणणाऱ्याने ती पुराव्याने सिद्ध करायची. नाही जमलं तर मुसलमानाला मुसलमानी कायदा. तेव्हा मुलीचा शेतातला हिस्सा इथे बहुतेक वेळा कोर्टात जात नाही, घरातच जातो. चाळिसाव्याचं जेवण झालं की कागद पुढे येतो. वारस नोंदीला बहिणींची नावं लागतात, ती लागतात आणि मागोमाग हक्कसोडपत्र होऊन उतरतात. लग्नात दिलं होतं, माहेर तुटेल, भाऊच उद्या दारात उभा राहणार आहे, ही वाक्यं पाठ असतात. शरीअतमध्ये वारस आपला हिस्सा काही मोबदला घेऊन सोडू शकतो हे खरं. पण हिस्सा किती आहे हे तिला आधी सांगायला हवं ना! दहा एकर म्हणजे 400 गुंठे धरा. मागे विधवा, दोन मुलगे, एक मुलगी. विधवेला 50 गुंठे, प्रत्येक मुलाला 140 आणि मुलीला 70, म्हणजे पावणेदोन एकर. हा आकडा मोठ्याने उच्चारून मग सही मागणारा भाऊ मी पाहिलेला नाही.

लग्नात दिलेला खर्च हिश्शात वळता होत नाही, आणि बाप जिवंत असताना घेतलेल्या सहीलाही एरवी अर्थ नाही, कारण आपल्या कायद्यात वारसाहक्क जन्माने नाही, मयतानंतर सुरू होतो. फेरफाराची नोंदसुद्धा सरकारला सारा कुणी भरायचा यासाठी असते, तिने मालकी ठरत नाही.

वाटणीच्या बैठकीत मौलवीसाहेबांना बोलावलंच, तर त्यांनी हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांची हकिकत सांगावी. मदीनेत आलेल्या मुहाजिर भावाला आपली निम्मी मालमत्ता देऊ करणारे ते हेच अन्सारी. उहुदच्या लढाईत ते शहीद झाले. मागे बायको आणि दोन मुली. जुन्या चालीप्रमाणे सअद यांच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. विधवा दोन्ही मुलींना घेऊन प्रेषितांकडे (स.) आली आणि म्हणाली की चुलत्याने काहीच ठेवलं नाही, आता यांची लग्नं कशी व्हायची. त्यानंतर वारशाची आयत उतरली. प्रेषितांनी (स.) चुलत्याला बोलावून हिशेब सांगितला: दोन तृतीयांश मुलींना, एक अष्टमांश त्यांच्या आईला, उरेल ते तुझं. चोवीस भाग केले तर मुलींचे सोळा, आईचे तीन. सगळं घेऊन बसलेल्या चुलत्याकडे पाच राहिले.