जुनं मापनयंत्र, नवा प्रिंटर: केबल जोडूनही कागदावर काहीच का येत नाही?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूर तालुक्यात प्रवरा नदीच्या एका काठावर बेलापूर बुद्रुक आहे, तर दुसऱ्या काठावर बेलापूर खुर्द. हा सगळा पट्टा ऊस आणि दुधाचा. इथल्या शेतकऱ्याच्या हातात किती पैसे पडणार, हे बऱ्याचदा कागदाच्या एका चिठोऱ्यावर ठरतं. ऊस घातला की काट्याची पावती मिळते आणि दूध घातलं की फॅट व एसएनएफची पावती. महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा दर साधारणपणे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हे प्रमाण धरून जाहीर होतो. त्यामुळे दशांश चिन्हानंतरचा आकडासुद्धा महत्त्वाचा असतो. पावती हा त्या आकड्याचा पुरावा.

ही पावती देणारं यंत्र पंधरा-वीस वर्षं सहज चालतं, पण त्याला जोडलेला प्रिंटर तेवढा टिकत नाही. मग दुकानातून नवा यूएसबी प्रिंटर आणला जातो, केबल जोडली जाते आणि कागद कोराच राहतो. कॉलेजांच्या प्रयोगशाळांमध्ये जुन्या ऑसिलोस्कोपचं आणि दुरुस्तीच्या दुकानांत जुन्या टेस्टिंग यंत्रांचं हेच होतं.

यंत्र चांगलं आहे, प्रिंटरही नवा आहे. मग घोडं अडतं कुठे?

जुन्या यंत्रांच्या मागे कोणते पोर्ट असतात?

साधारण तीन प्रकार सापडतात.

आरएस-२३२ किंवा सीरियल पोर्ट: हे मानक १९६० मध्ये आलं. यात ९ किंवा २५ पिनांचा कनेक्टर असतो आणि माहिती एका तारेवरून एकामागून एक बिट अशी जाते. वजनकाट्याचे इंडिकेटर आणि मिल्क ॲनालायझर यांच्यावर हाच पोर्ट जास्त दिसतो.

सेंट्रॉनिक्स किंवा पॅरलल पोर्ट: सेंट्रॉनिक्स या अमेरिकी कंपनीने १९७० च्या सुमारास आपल्या प्रिंटरसाठी हा पोर्ट आणला. यात आठ तारांवरून एकाच वेळी आठ बिट जातात. प्रिंटरकडे ३६ पिनांचा, तर कॉम्प्युटरकडे २५ पिनांचा कनेक्टर असतो.

जीपीआयबी: ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने आपल्या मापनयंत्रांसाठी तयार केलेली ही पद्धत १९७५ मध्ये आयईईई-४८८ या नावाने मानक झाली. २४ पिनांचा कनेक्टर असतो आणि एका साखळीत १५ यंत्रं जोडता येतात. प्रयोगशाळेतले जुने ऑसिलोस्कोप आणि स्पेक्ट्रम ॲनालायझर याच पोर्टवरून प्रिंटर किंवा प्लॉटरशी बोलत.

यूएसबीची केबल लावून का भागत नाही?

बाजारात 'यूएसबी टू पॅरलल' नावाची केबल मिळते आणि अनेकांची फसगत इथेच होते. ही केबल नव्या कॉम्प्युटरला जुना प्रिंटर जोडण्यासाठी असते. इथे गरज नेमकी उलटी आहे, यंत्र जुनं आणि प्रिंटर नवा. यूएसबीमध्ये एक बाजू 'होस्ट', म्हणजे कारभार पाहणारी असावी लागते. ते काम कॉम्प्युटर करतो. जुनं यंत्र होस्ट नसतं आणि प्रिंटरही नसतो. त्यामुळे केबल उलटी लावली तर दोन्ही बाजू गप्प बसतात.

पोर्ट जुळला, तरी भाषा जुळते का?

दुसरी अडचण भाषेची. जुन्या यंत्रांतून साधारणपणे चार प्रकारची माहिती बाहेर पडते.

- साधी अक्षरं आणि आकडे, म्हणजे आस्की मजकूर
- एप्सनच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची ईएससी/पी भाषा
- ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रिंटरची पीसीएल भाषा
- प्लॉटरची एचपी-जीएल भाषा, ज्यात 'पेन उचला', 'पेन टेकवा', 'इथून तिथे जा' अशा आज्ञा असतात

आजच्या अनेक स्वस्त प्रिंटरना यातलं काहीच कळत नाही. पानाचं चित्र कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर तयार करतो आणि प्रिंटर ते फक्त उमटवतो. ऑफिसमधल्या मोठ्या लेझर प्रिंटरना मात्र बहुधा पीसीएल येतं.

इथेही एक गंमत होते. लेझर प्रिंटर पूर्ण पान भरल्याशिवाय किंवा 'फॉर्म फीड' ही आज्ञा मिळाल्याशिवाय कागद बाहेर काढत नाही. आठ ओळींची पावती पाठवली तर ती प्रिंटरच्या मेमरीत पडून राहते आणि प्रिंटर बिघडला असं वाटतं. प्रत्यक्षात पान पूर्ण झालं, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

मग मार्ग कोणते?

१. डॉट मॅट्रिक्सच घ्या. फक्त पावत्याच छापायच्या असतील तर हा सर्वांत सरळ उपाय. एप्सनच्या एलएक्स-३१० सारख्या मॉडेलला पॅरलल, सीरियल आणि यूएसबी असे तिन्ही पोर्ट आहेत. शिवाय सुया कागदावर आपटत असल्याने कार्बन प्रत निघते. एक प्रत शेतकऱ्याला आणि एक दप्तराला, हे लेझर प्रिंटरला एका छपाईत जमत नाही.

२. मध्ये कॉम्प्युटर ठेवा. सीरियल पोर्टच्या यंत्राला 'यूएसबी टू सीरियल' केबल लावून टर्मिनल प्रोग्रॅममध्ये मजकूर पकडता येतो. तो फाइलमध्ये साठवून कोणत्याही प्रिंटरवर छापता येतो. यंत्राचा वेग (उदाहरणार्थ २४०० किंवा ९६०० बॉड), पॅरिटी आणि स्टॉप बिट कॉम्प्युटरवर तंतोतंत तेच ठेवावे लागतात. वेग चुकला तर स्क्रीनवर अगम्य चिन्हं दिसतात. काहीच दिसत नसेल तर पिन २ आणि ३ यांची अदलाबदल करणारी 'नल मोडेम' केबल लावून पाहावी.

३. चित्रासाठी रूपांतर करा. ऑसिलोस्कोपचा आलेख पीसीएलमध्ये येत असेल तर घोस्टपीसीएल हा प्रोग्रॅम त्याचा पीडीएफ करतो. एचपी-जीएलसाठी एचपी२एक्सएक्स आहे. जीपीआयबी असेल तर 'यूएसबी टू जीपीआयबी' ॲडॉप्टर लागतो. प्लॉटरचं सोंग घेऊन आलेख पकडणारे प्रोग्रॅमही उपलब्ध आहेत. यंत्राला वाटतं प्लॉटर जोडलाय, पण आलेख कॉम्प्युटरवर उमटतो.

४. पॅरलल पोर्टसाठी छोटं सर्किट. हा प्रकार थोडा किचकट. इथे प्रिंटरची भूमिका वठवणारं सर्किट लागतं. यंत्राने 'स्ट्रोब' दिला की ते आठ बिट वाचतं आणि 'बिझी' व 'ॲक' या तारांवरून उत्तर देतं. आर्डुइनो किंवा रास्पबेरी पाय वापरून असं सर्किट बनवता येतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांसाठी हा चांगला प्रोजेक्ट ठरू शकतो.

५. नेटवर्कवरून पाठवा. पीसीएल समजणारा नेटवर्क प्रिंटर असेल तर 'सीरियल टू इथरनेट' कन्व्हर्टरने माहिती थेट त्याच्या ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर पाठवता येते. कॉम्प्युटर सतत चालू ठेवायची गरज नाही. मात्र फॉर्म फीडचं भान इथेही ठेवावं लागतं.

कोणती काळजी घ्यावी?

आरएस-२३२ च्या तारांवर उणे १५ ते अधिक १५ व्होल्टपर्यंत दाब असू शकतो. रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या. मध्ये मॅक्स३२३२ सारखी चिप न घालता थेट जोडल्यास बोर्ड जळू शकतो.

आलेखाचं चित्र पाठवताना 'एक्सऑन/एक्सऑफ' हा पर्याय बंद ठेवून आरटीएस/सीटीएस वापरावा. एक्सऑन/एक्सऑफमध्ये 'थांबा' आणि 'चालू करा' यासाठी दोन ठरावीक बाइट राखून ठेवलेले असतात. तेच बाइट चित्रात आले की ते गळून पडतात आणि आलेख फाटतो.

वजनकाट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचं सील असतं. प्रिंटर जोडण्यासाठी ते तोडू नये. जे काही जोडायचं ते बाहेरच्या पोर्टवरूनच जोडावं.

पावती कॉम्प्युटरमधून गेली, तर भरवसा कशाचा?

खरा प्रश्न हाच आहे. यंत्रातून थेट कागदावर उमटलेला आकडा बदलणं अवघड असतं. तोच आकडा मध्ये फाइलमध्ये थांबला की तो बदलायला एक बटण पुरतं. म्हणून यंत्राकडून आलेली मूळ फाइल तारीख-वेळेसह जशीच्या तशी ठेवावी आणि छपाईसाठी तिची प्रत वापरावी. चाचणी प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकातही मूळ नोंदी जपण्यावर भर आहे.

थर्मल कागदावरच्या पावत्या उन्हाने, उष्णतेने पुसट होतात. वाद उपस्थित होईपर्यंत आकडा दिसेनासा झालेला असतो. अशी पावती हातात पडली की शेतकऱ्याने त्याच दिवशी मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवावा.

जुनं यंत्र अचूक मोजत असेल आणि त्याचं कॅलिब्रेशन वेळेवर होत असेल, तर केवळ प्रिंटर मिळत नाही म्हणून ते भंगारात काढायचं कारण नाही. आधी मागचा पोर्ट ओळखावा, मग यंत्राच्या पुस्तिकेत त्याची भाषा पाहावी आणि प्रिंटर सगळ्यात शेवटी विकत घ्यावा. बहुतेकांचे पैसे वाया जातात ते हा क्रम उलटा झाल्यामुळे.