गॉटिंगेनची विद्यापरंपरा

जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठाचे औपचारिक उद्घाटन १७३७ साली झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पंधरा वर्षे काढून कीलहॉर्न १८८२ साली तेथे संस्कृताचे प्राध्यापक झाले. पुण्याच्या शास्त्र्यांपाशी घोटलेले व्याकरण त्यांच्यासमवेत गेले. गणिताची कीर्ती तर गाउस, रीमान यांच्यापासूनची. तरीही एमी नोएथर या असामान्य विदुषीस, स्त्री म्हणून, आरंभी हिल्बर्ट यांच्या नावावर व्याख्याने द्यावी लागली. अध्यापनाचा हक्क १९१९ साली मिळाला आणि १९३३ साली, ज्यू म्हणून, हिरावला गेला. बोर्न, फ्रांक हेही त्याच वर्षी बाहेर पडले. दोन शतकांची पुंजी काही महिन्यांत उधळली गेली. ती हानी पुरती भरून निघाली नाही. विद्यापीठ मात्र टिकले. त्याच्या ग्रंथालयाने पुढे भारतीय भाषांतील ग्रंथांचे संगणकीय भांडार उभारले. कीलहॉर्न यांनी संपादिलेल्या पतंजलीच्या महाभाष्यावर आधारलेला पाठही त्यात आहे.