गृहजालातील नामनिरसन व जाहिरात-प्रतिबंध

घरातील मोबाइल, टीव्ही, संगणक इत्यादी उपकरणांनी विचारलेल्या संकेतस्थळांच्या नावांचे आयपी पत्ते घरातच शोधून देण्याची, आणि विचारलेले नाव जाहिरातदारांच्या यादीत आढळल्यास पत्ता देण्याचे नाकारण्याची व्यवस्था. १९८३ पूर्वी जालास जोडलेल्या सर्व यंत्रांच्या नावांचे एकच दप्तर अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवले जाई. त्या वर्षी पॉल मोकापेट्रिस यांनी हा कारभार श्रेणीवार वाटून देणारी डीएनएस पद्धती मांडली.

बीड जिल्हा प्रशासनाचे ‘बीड डॉट गव्ह डॉट इन’ हे स्थळ उदाहरणादाखल घेतल्यास, घरातील निरसक (नावाचा पत्ता शोधून देणारी आज्ञावली) प्रथम तेरा मूळ नामसेवकांपैकी एकास विचारतो. तो स्वतः पत्ता न देता ‘डॉट इन’चा अखत्यार कोणाकडे आहे एवढेच सांगतो, तेथून ‘गव्ह डॉट इन’चे दप्तर दाखविले जाते, आणि अशा रीतीने पायरीपायरीने उतरत अखेर जो पत्ता हाती येतो त्यासोबत त्याची मुदतही येत असल्यामुळे, ती संपेपर्यंत पुन्हा कोणास विचारावे लागत नाही. ‘अनबाउंड’ ही आज्ञावली हे काम करते. अनेक घरांत त्याऐवजी ८.८.८.८ (२००९) वा १.१.१.१ (२०१८) या सार्वजनिक सेवांवर भिस्त ठेवली जाते. ती सोय खरी, परंतु घरातील प्रत्येक पृच्छा परक्या दप्तरी जाते, म्हणून स्वतःचा निरसकच श्रेयस्कर होय. अर्थात कूटबद्ध नसलेल्या पृच्छा इंटरनेट-पुरवठादारास तरीही दिसू शकतात.

जाहिरात-प्रतिबंधासाठी रास्पबेरी पाय या लहान संगणकावर ‘पाय-होल’ ही आज्ञावली बसवितात. त्या संगणकाला कायम पत्ता देऊन राऊटरच्या डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या) विभागातील डीएनएसच्या रकान्यात तोच भरावा. तो रकाना कुलूपबंद असल्यास राऊटरचे डीएचसीपी बंद करून ते काम पाय-होलकडे सोपवावे. निषिद्ध नावास ०.०.०.० असे उत्तर मिळते व जाहिरातीची जागा रिकामी राहते. राऊटर आयपीव्ही६चा निराळा डीएनएस पत्ताही वाटत असेल, तर उपकरणे त्या वाटेने निसटतात व सर्व मांडणी व्यर्थ ठरते. नवशिक्यांची अनेक गाऱ्हाणी येथेच उगम पावतात. वीज वारंवार जाणाऱ्या गावी रास्पबेरी पायचे मेमरी कार्ड खराब होण्याचा संभव असल्याने राऊटर व पाय दोन्ही इन्व्हर्टरवर ठेवावेत.

देवनागरी नावे : ‘.भारत’ २७ ऑगस्ट २०१४ पासून. निषिद्ध नावांच्या यादीत ती सांकेतिक रोमन रूपाने नोंदली जातात.

मर्यादा : यूट्यूबच्या जाहिराती चित्रफिती ज्या संकेतस्थळ-नावांवरून येतात त्यांवरूनच येत असल्याने त्या या उपायाने थांबत नाहीत. जाहिराती अडविल्याने वृत्तपत्रांच्या उत्पन्नावर होणाऱ्या परिणामाविषयी मतभेद आहेत. गृहजालाबाहेर हा प्रतिबंध लागू होत नाही. त्यामुळे ऊसतोडीच्या हंगामात बीड जिल्ह्यातील जी कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या तळांवर राहतात, त्यांना गावच्या घरातील पाय-होलचा उपयोग नाही. त्यांनी अँड्रॉइड ९ वा पुढील फोनच्या सेटिंगमधील ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये जाहिराती गाळणाऱ्या सेवेचे नाव भरावे.